विमान की रेल्वे? ज्येष्ठांचा प्रवास मोजावा उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

घरातील वडीलधाऱ्यांच्या प्रवासाचा विषय निघाला की बहुतेक कुटुंबांत दोन तट पडतात. मुंबईला तपासणीसाठी जायचे असो, हैदराबादला डोळे दाखवायचे असोत किंवा दिल्लीला स्थायिक झालेल्या लेकीकडे महिनाभर राहायचे असो, मुलगा मोबाइलवर स्वस्त विमानाचे तिकीट शोधतो आणि सांगतो, “बाबा, तासाभरात पोहोचाल.” बाबांचे उत्तर ठरलेले असते, “आपली रेल्वेच बरी.” मुलाच्या बोलण्यात प्रेम असते, बाबांच्या बोलण्यात अनुभव असतो. तरीही दोघांचे हिशेब अर्धेच असतात. मुलगा केवळ आकाशातला तास मोजतो आणि बाबा केवळ परिचयाची वाट पाहतात.

ज्येष्ठांचा प्रवास विमानतळापासून विमानतळापर्यंत किंवा स्थानकापासून स्थानकापर्यंत नसतो. तो आपल्या घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो आणि जिथे पाठ टेकायची त्या घराच्या उंबरठ्यावर संपतो. या दोन उंबरठ्यांमधील प्रत्येक तासात त्या शरीराला काय करावे लागेल, म्हणजे किती चालावे, किती चढावे, किती वेळ उभे राहावे, स्वच्छतागृह किती अंतरावर असेल, याचा विचार केला की विमान की रेल्वे हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

हिंगोलीच्या वाटा

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या आपल्या हिंगोली जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. विमानाने जायचे तर जवळचे ठिकाण नांदेड, आणि त्यानंतर छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबाद. ‘उडान’ योजनेतील पहिल्या विमानसेवांमध्ये नांदेड-हैदराबाद ही सेवा होती. तिचा प्रारंभ २७ एप्रिल २०१७ रोजी झाला. या योजनेत तासाभराच्या उड्डाणातील ठरावीक आसनांसाठी २,५०० रुपयांची मर्यादा घालण्यात आली आणि विमान आपल्यालाही परवडू शकते, असे अनेक कुटुंबांना प्रथमच वाटले. मात्र पुढे नांदेडची विमानसेवा खंडित झाली आणि २०२४ मध्ये ती नव्याने सुरू झाली. छोट्या विमानतळांवरील सेवा अशा बदलत राहतात. गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी केलेला विमानप्रवास यंदा त्याच वाराला, त्याच वेळी उपलब्ध असेल असे गृहीत धरू नये.

रेल्वेची बाजू गेल्या काही वर्षांत बळकट झाली आहे. पूर्णा-अकोला हा लोहमार्ग २००८ मध्ये रुंद झाला. २०२४ मध्ये जालन्यापर्यंत येणारी मुंबईची जनशताब्दी हिंगोलीपर्यंत वाढली. २६ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची वंदे भारत नांदेडहून सुटू लागली. देवगिरी आणि नंदीग्राम या रात्रीच्या गाड्या तर नांदेड-परभणीकडील लोकांच्या जुन्या ओळखीच्या आहेत.

जिल्ह्याच्या आतही उत्तर एकच नाही. वसमतकरांना नांदेड जवळ पडते. औंढा नागनाथच्या पट्ट्यातून परभणीचे स्थानक सोयीचे ठरते. सेनगाव आणि कळमनुरीच्या अनेक गावांना हिंगोलीची गाडी अधिक सुखाची. म्हणून शेजारच्या तालुक्यातील पाहुण्यांचा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. आपल्या दारातून निघून स्वतः हिशेब मांडावा.

घड्याळाचा हिशेब

समजा, हिंगोली शहरातील पंच्याहत्तर वर्षांच्या आजींना मुंबईला न्यायचे आहे आणि घरच्यांनी छत्रपती संभाजीनगरहून विमान पसंत केले. आकाशातील वेळ सुमारे एक तास. पण हिंगोलीहून तिथवर रस्त्याने दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर, म्हणजे वाटेतील चहापाणी आणि विसावा धरून साडेचार ते पाच तास. उड्डाणाच्या दोन तास आधी पोहोचायचे. मुंबईत उतरल्यावर सामान मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास आणि पुढे शहरातील रहदारीत एक-दीड तास. बेरीज नऊ ते सव्वादहा तासांवर जाते. ‘तासाभराचा’ प्रवास प्रत्यक्षात दिवसाचा झाला. त्यातील निम्मा वेळ मोटारीत गेला आणि उरलेल्या वेळात बसणे, उठणे, रांगेत थांबणे यांची अनेक आवर्तने झाली.

याउलट जनशताब्दीत हिंगोलीला एकदा बसले की गाडी बदलावी लागत नाही. परंतु तिच्यात झोपण्याची सोय नाही. दिवसाचा मोठा भाग बसूनच काढावा लागतो. वंदे भारतही बसण्याचीच गाडी आहे. नांदेड ते मुंबई हे सुमारे ६१० किलोमीटर अंतर ती साडेनऊ तासांच्या आसपास कापते, पण ती पहाटे सुटत असल्याने हिंगोलीकरांना मध्यरात्रीनंतर घर सोडावे लागते किंवा नांदेडला मुक्काम करावा लागतो. ज्यांची कंबर दीर्घकाळ बसण्याला साथ देत नाही, त्यांना पूर्णा किंवा परभणीहून रात्रीची गाडी आणि खालचा बर्थ हा पर्याय, घड्याळात अधिक वेळ लागला तरी, शरीराला स्वस्त पडतो. आडवे होऊन काढलेले दहा तास आणि ताटकळत काढलेले दहा तास सारखे नसतात.

हैदराबादचा हिशेब याच धर्तीवर करावा. तिथला विमानतळ शमशाबादला, शहराबाहेर आहे. काचीगुडा आणि सिकंदराबाद ही स्थानके शहरातच आहेत. नांदेडहून हवेत वाचलेला वेळ शमशाबादहून शहरात येण्यात बराचसा खर्च होतो.

दिल्लीच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. नांदेडहून निघणाऱ्या सचखंड एक्सप्रेसने दिल्ली गाठण्यास चोवीस तासांहून अधिक काळ लागतो. गुडघे कुरकुरणाऱ्या, रात्री तीनदा उठावे लागणाऱ्या व्यक्तीसाठी हा प्रवास जड आहे. इथे विमान केवळ चैन राहत नाही. विमानतळापर्यंत चार तास मोटारीत काढूनही एकूण श्रम कमी होतात. ढोबळ नियम असा धरता येईल: एका रात्रीत किंवा एका दिवसात गाडी पोहोचवत असेल, तर आधी रेल्वेचा विचार करावा. त्याहून लांबचा पल्ला असेल, तर आधी विमानाचा.

शरीराचा हिशेब

विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. तो समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवला जातो. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. परंतु दम्याचा किंवा फुप्फुसांचा जुना विकार, दुर्बल झालेले हृदय, तीव्र रक्तक्षय असलेल्यांना तेवढ्याने धाप लागू शकते. आतील हवा कोरडी असते. घसा सुकतो, डोळे चुरचुरतात. उतरताना कानांत दडे बसतात. सर्दी झाली असेल तर कान दुखूही शकतात.

विमानतळावरील चालणे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मोठ्या विमानतळावर दारापासून विमानापर्यंत चांगलेच अंतर चालावे लागते. छोट्या विमानतळावर अंतर कमी असते, पण विमानात चढण्यासाठी बहुधा उघड्या शिडीच्या पायऱ्या असतात. ज्या आजोबांना घराचा जिना चढवत नाही, त्यांच्यासाठी ही शिडी हाच खरा अडथळा आहे. म्हणून चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी, आणि उशिरात उशिरा प्रवासाच्या ४८ तास आधी. मागणी करताना गरज नेमकी सांगावी. चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात, पायऱ्याही चढता येत नाहीत, की आसनापर्यंत उचलूनच न्यावे लागते, हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि त्यानुसार व्यवस्था वेगळी होते. संकोचाने “थोडे चालतील ते” असे सांगितले की शिडीपाशी पंचाईत होते.

रेल्वेचे अडथळे वेगळे. फलाट आणि डब्याचा पायठा यांतील फट, छोट्या स्थानकावर गाडीचा अल्प थांबा, रात्री हलत्या डब्यातून स्वच्छतागृहाकडे जाताना तोल जाण्याची भीती. ज्येष्ठांच्या बाबतीत पडणे ही साधी गोष्ट नसते. खुब्याचे हाड मोडले तर प्रवासच काय, पुढचे वर्ष बदलते. म्हणून घसरणार नाहीत अशी पायताणे, उशाशी छोटी विजेरी आणि रात्री उठताना सोबत्याला जागे करण्याचा नियम या तीन गोष्टी तिकिटाइतक्याच आवश्यक मानाव्यात.

विमान असो, रेल्वे असो किंवा मोटार, सलग चार तासांहून अधिक काळ बसून राहिल्यास पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले. प्रत्यक्ष धोका कमीच, साधारणपणे सहा हजारांत एक. मात्र पूर्वी गुठळी झालेली, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली किंवा कर्करोगावर उपचार सुरू असलेली व्यक्ती असेल तर तो वाढतो. उपाय सोपा आहे. दर तासाला घोटे गोल फिरवावेत, टाचा उचलाव्यात आणि शक्य असेल तेव्हा चार पावले चालावीत. या बाबतीत रेल्वे उजवी आहे, कारण तिथे उठून उभे राहण्यास जागा असते.

एक गोष्ट घरचे सहसा विचारत नाहीत आणि ज्येष्ठ आपणहून सांगत नाहीत. प्रवासात लघवीला जावे लागू नये म्हणून अनेकजण आदल्या दिवसापासून पाणी कमी करतात आणि रक्तदाबाची किंवा पायांवरील सुजेची, लघवी वाढवणारी गोळी परस्पर टाळतात. उन्हाळ्यातील मराठवाड्यात हे विशेष घातक आहे. पाणी कमी पडल्याने चक्कर येते, लघवीला जळजळ होते, वृद्ध व्यक्ती गोंधळल्यासारखी वागू लागते. गोळी बुडाल्याने धाप लागते. गोळीची वेळ मागे-पुढे करता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. आणि प्रवासाचे साधन निवडतानाच स्वच्छतागृहाचा प्रश्न मोकळेपणाने बोलावा. विमानात बेल्ट बांधून बसण्याच्या काळात उठता येत नाही. मोटारीतील चार-पाच तासांत महिलांसाठी स्वच्छ जागा मिळणे कठीण जाते. रेल्वेत ती सोय त्याच डब्यात असते. आजींच्या ‘आपली रेल्वेच बरी’ या वाक्यामागे अनेकदा हेच न सांगितलेले कारण असते.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय विमान नको

अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, छाती, पोट किंवा मेंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, घरी प्राणवायू घ्यावा लागत असेल, तर विमानाचे तिकीट काढण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची लेखी संमती घ्यावी. विमान कंपनीही असा दाखला मागू शकते. स्वतःचा प्राणवायूचा सिलिंडर विमानात नेऊ दिला जात नाही. मान्यताप्राप्त छोट्या यंत्रासाठी पूर्वपरवानगी लागते.

डोळ्यांच्या पडद्याची शस्त्रक्रिया करताना डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य आहे. उंचीवर तो वायू प्रसरण पावतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. हैदराबादला विमानाने जाऊन डोळ्यांवर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी परतीचे तिकीट काढण्यापूर्वी हा प्रश्न अवश्य विचारावा. मोतीबिंदूच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत असा वायू राहत नाही, तरीही परतीची तारीख डॉक्टरांनीच ठरवावी.

इन्सुलिन आणि रोजची औषधे नेहमी हातातील पिशवीत ठेवावीत. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते, आणि सामान चुकले तर औषधेही चुकतात.

पैशाचा हिशेब

स्वस्त विमानाच्या तिकिटावरील आकडा हा खर्चाचा प्रारंभ असतो. देशांतर्गत प्रवासात सामान्यतः १५ किलो सामान आणि हातात ७ किलोची पिशवी एवढीच मुभा असते. हिंगोलीहून लेकराकडे निघालेल्या आईच्या पिशवीत हळद, डाळी, पापड आणि लोणचे असतेच. जादा वजनाचे पैसे, पुढच्या आसनाचे पैसे, विमानतळापर्यंतची मोटार आणि तिकडची टॅक्सी हे सारे मिळवून मगच तुलना करावी.

रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत २० मार्च २०२० पासून थांबली. मात्र रुग्णांच्या ठरावीक गटांसाठीच्या सवलती सुरू राहिल्या, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. कर्करोगाच्या रुग्णास उपचारासाठी जाता-येता शयनयान आणि तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात पूर्ण सवलत आहे, तर सोबत जाणाऱ्या एका व्यक्तीस ७५ टक्के. हृदय-शस्त्रक्रियेसाठी जाणारे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनाही सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते, म्हणून पहिल्या भेटीतच ते मागून घ्यावे. स्थानकापर्यंतच्या प्रवासासाठी एसटीचा विचार करावा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आहे.

स्वस्त तिकिटाची आणखी एक किंमत असते. ऐनवेळी ताप आला, रक्तदाब चढला आणि प्रवास रद्द करावा लागला, तर बहुधा फारच थोडी रक्कम परत मिळते. ज्यांची प्रकृती दिवसागणिक बदलते, त्यांच्यासाठी तारीख बदलता येणारे तिकीट थोडे महाग असले तरी शहाणपणाचे ठरते.

खालच्या बर्थचे गणित

रेल्वेने जायचे ठरले तर सारे सुख खालच्या बर्थवर अवलंबून असते. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिला यांच्यासाठी प्रत्येक डब्यात काही खालचे बर्थ राखीव असतात. पण ज्येष्ठ व्यक्ती एकटी किंवा दोघे ज्येष्ठ मिळून प्रवास करत असतील, तरच हा कोटा लागू होतो. त्याच तिकिटावर तरुण मुलाचे नाव घातले की ती सवलत जाते आणि आजींच्या वाट्याला मधला बर्थ येऊ शकतो. म्हणून आई-वडिलांचे तिकीट ज्येष्ठांच्या कोट्यातून वेगळे काढावे आणि सोबत्याचे त्याच वर्गात स्वतंत्र काढावे. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. तपासणीची तारीख ठरताच ते करून टाकावे.

‘आरएसी’ तिकीट म्हणजे बाजूच्या एका खालच्या बर्थवर दोघांनी बसणे. वृद्धांसाठी रात्रीच्या प्रवासात ते स्वीकारू नये. परवडत असल्यास द्वितीय श्रेणी वातानुकूलित डबा निवडावा. तिथे मधला बर्थ नसल्याने दिवसा ताठ बसता येते. प्रवासात प्रकृती बिघडल्यास १३९ क्रमांकावर कळवावे, म्हणजे पुढच्या स्थानकावर वैद्यकीय मदतीची व्यवस्था होऊ शकते.

परदेशातील लेकरांकडे जाताना

आता मराठवाड्यातील कितीतरी घरांतील मुले जर्मनीत, इंग्लंडमध्ये किंवा फ्रान्समध्ये नोकरी करतात आणि आई-वडिलांना तिकडे बोलावतात. तिथे पोहोचल्यावर एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि उत्तर शोधण्याची रीतही तीच राहते. युरोपातील स्वस्त विमाने अनेकदा मुख्य शहरापासून दूरच्या विमानतळावर उतरतात. फ्रँकफुर्टचे नाव लावणारा हान विमानतळ त्या शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. पॅरिसच्या नावाने विकले जाणारे बोव्हे ऐंशी किलोमीटरहून अधिक दूर आहे. म्हणजे हिंगोलीहून नांदेडला जाऊन विमान पकडण्यासारखेच झाले.

याउलट लंडन ते पॅरिस ही रेल्वे सव्वादोन ते अडीच तासांत एका शहराच्या मध्यातून दुसऱ्या शहराच्या मध्यात नेऊन सोडते. पॅरिस ते लियोन हा प्रवास दोन तासांचा आहे. फ्रान्सने तर २०२३ मध्ये, अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येते अशा काही देशांतर्गत मार्गांवरील विमानसेवा कायद्याने बंद केल्या. त्यामागे पर्यावरणाचा विचार होता, पण ज्येष्ठांच्या सोयीलाही तो धरूनच आहे.

मात्र तिथे सामान उचलायला हमाल मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. जड पेटी स्वतःच डब्यात चढवावी लागते. मदत हवी असेल तर युरोपीय महासंघाच्या नियमांनुसार ती विनामूल्य मिळते. विमानासाठी ४८ तास आणि रेल्वेसाठी २४ तास आधी कळवावे लागते. मुलांनी तिकिटाबरोबरच ही नोंद करून ठेवावी.

तिकिटाआधी पाच प्रश्न

निर्णय घेण्यापूर्वी घरात बसून पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

१. घर सोडल्यापासून तिकडे पाठ टेकेपर्यंत एकूण किती तास लागतील?

२. त्यात सलग किती वेळ बसावे लागेल, आणि आडवे होता येईल का?

३. किती पायऱ्या, किती चालणे, किती वेळा वाहन बदलणे?

४. स्वच्छतागृह कुठे आणि किती वेळाने मिळेल?

५. सोबत कोण आहे, आणि ऐनवेळी प्रवास रद्द झाला तर काय?

हे प्रश्न ज्यांना प्रवास करायचा आहे त्यांच्यासमोरच सोडवावेत. बाबांनी रेल्वे म्हटले तर का, आणि आईने विमानाची भीती बोलून दाखवली तर नेमकी कशाची, हे शांतपणे ऐकावे. कधी ती भीती शिडीची असते, कधी अनोळखी इंग्रजी घोषणांची, कधी मुलाचे पैसे खर्च होतील याची. कारण कळले की उपाय सापडतो. शिडीसाठी खुर्ची मिळते, घोषणांसाठी सोबती मिळतो आणि खर्चाचा खरा आकडा समोर ठेवला की मनावरचे ओझेही हलके होते.

तपासणीच्या टेबलावर किंवा नातवाच्या घरी आपले वडीलधारे थकून-भागून पोहोचू नयेत. डॉक्टरांच्या प्रश्नांना नीट उत्तरे देता येतील आणि नातवाला जवळ घेता येईल इतकी शक्ती अंगात शिल्लक ठेवून ते पोहोचावेत. त्यांना तसे पोहोचवणारे साधन, मग ते विमान असो की रेल्वे, तेच आपल्या घरासाठी योग्य समजावे.